सिंघाचा कडवटपणा कुठून आला : आग्नेय आशियाई लागरच्या चवीची पार्श्वभूमी

थायलंडची सिंघा ही बिअर फार गार न करता, सात-आठ अंशांवर उघडून स्वच्छ ग्लासात ओतली, की आधी बिस्किटासारखा खरपूस धान्याचा वास येतो आणि मागोमाग ओल्या गवतासारखी हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांची, झाक. घोट सुरुवातीला किंचित गोडसर लागतो, मग कडवटपणा जिभेच्या मागे जाऊन रेंगाळतो. कारल्यासारखा टोकाचा नाही, मेथीच्या कोवळ्या पानाइतका. शेजारी लाओसची बिअरलाओ ओतून ठेवा. रंग फिकट, वास हलका, गोडी लगेच कळते आणि घोट गिळल्यावर तोंड जवळजवळ कोरं. दोन्ही लागर, दोन्हींत मद्यार्क ५ टक्के, आणि दोन्ही देश मेकाँग नदीच्या दोन काठांवरचे. तरीही चवी इतक्या वेगळ्या, कारण दोन्ही ब्रुअऱ्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून उभ्या राहिल्या.

सुरुवात बर्फापासून करावी लागते. ‘लागर’ हा जर्मन शब्द साठवणीचा आहे. या बिअरचं यीस्ट साधारण ८ ते १२ अंशांवर काम करतं आणि आंबवण संपल्यावर बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरत ठेवावी लागते. बव्हेरियात हे काम डोंगरातली तळघरं आणि हिवाळ्यात तळ्यांवरून कापून आणलेला बर्फ यांवर चाले. बँकॉक, सायगाव किंवा मनिला इथे थंडीच्या दिवसांतही रात्रीचा पारा २० च्या आसपास असतो. या तापमानाला लागरचं यीस्ट सुसाट सुटतं, फळांसारखे आणि गंधकाचे वास सोडतं आणि बिअर काही दिवसांत आंबट होऊन नासते. मुंबईत १८३० च्या दशकापासून अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने येत होता, पण तो साहेबाचा पेला गार करण्यापुरता. हजारो लिटरचा हौद महिनाभर गार ठेवायला तो कुठून पुरणार? १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठी शीतकरण यंत्रं बनवली आणि १८८३ साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन यांनी लागर यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा काढला. उष्ण प्रदेशात लागर बनण्यासाठी या दोन्ही गोष्टी हव्या होत्या. एकीने थंडी विकत मिळू लागली, दुसरीने खात्रीचं बियाणं.

म्हणूनच या भागातल्या जुन्या ब्रुअऱ्या आणि बर्फाचे कारखाने यांचं नातं सख्ख्या भावंडांचं आहे. व्हिएतनाममध्ये सायगावच्या बिअरची परंपरा १८७५ सालच्या व्हिक्टर लारू यांच्या छोट्या कारखान्यापासून सांगतात. पुढे त्यातून उभ्या राहिलेल्या फ्रेंच कंपनीचं नावच ‘इंडोचायनाच्या ब्रुअऱ्या आणि बर्फ-कारखाने’ असं होतं. ब्रह्मदेशात १८८६ च्या सुमारास मंडालेला ब्रुअरी सुरू झाली, ती हिमालयातल्या कसौली आणि मरी इथे बिअर बनवणाऱ्या डायर कुटुंबाच्या व्यवसायातून. मंडाले म्हटलं की मराठी वाचकाला टिळकांचा तुरुंगवास आठवतो. ते तिथे गेले तेव्हा या ब्रुअरीला वीस वर्षं होऊन गेली होती. मनिलात २९ सप्टेंबर १८९० रोजी, सेंट मायकलच्या सणाच्या दिवशी, सान मिगेलची ब्रुअरी उघडली. ‘आग्नेय आशियातली पहिली’ हा मान सान मिगेलला बहुतेक ठिकाणी दिला जातो. सायगाव आणि मंडालेच्या तारखा पाहता तो बेतानेच घ्यावा.

दुसरी लाट १९२९ ते १९३४ या पाच वर्षांत आली आणि आज दुकानात दिसणारी बहुतेक नावं या लाटेतली आहेत. जावा बेटावर सुराबायात डच भांडवलाची ब्रुअरी उभी राहिली, तिची बिअर पुढे बिनतांग झाली. बिनतांग म्हणजे तारा. सिंगापुरात डच बिअर कंपनी हायनेकन आणि शीतपेयांची कंपनी फ्रेझर अँड नीव्ह यांनी १९३१ साली मलायन ब्रुअरीज काढली आणि १९३२ साली टायगर बाजारात आणली. त्याच शहरात जर्मनीच्या बेक्स ब्रुअरीच्या लोकांनी आर्किपेलॅगो ब्रुअरी काढून अँकर विकायला घेतली. १९४१ साली युद्धात ती शत्रूची मालमत्ता ठरली आणि मलायन ब्रुअरीजकडे गेली. या सगळ्या ठिकाणी मालक युरोपी, ब्रूमास्टर (बिअर बनवणारे उस्ताद) युरोपी, आणि नमुना हायनेकनसारख्या उत्तर युरोपी लागरचा: हलकी, स्वच्छ, बेताची कडू. टायगर पिताना आजही तेच जाणवतं. वासात थोडं फळ, मधे फारसं काही नाही, शेवट कोरडा. ही उणीव समजू नये. दमट उकाड्यात लागोपाठ दुसरा पेला घेता यावा, असाच तिचा बेत आहे.

बँकॉकची गोष्ट याहून वेगळी आहे. बूनरॉड स्रेष्ठबुत्र, पदवीने फ्राया भिरोमभक्ती, यांचा चाओ फ्राया नदीवर प्रवासी बोटींचा धंदा होता. राजधानीला १५० वर्षं झाल्याच्या निमित्ताने एप्रिल १९३२ मध्ये नदीवर स्मारक-पूल खुला झाला. पूल झाला की नावेचं गिऱ्हाईक घटणार, हे पूल बांधला जात असतानाच त्यांच्या ध्यानात आलं होतं. बाहेरून येणारी बिअर महाग होती आणि तिचा पैसा देशाबाहेर जात होता, म्हणून त्यांनी सरकारकडे ब्रुअरीचा परवाना मागितला, जर्मनी आणि डेन्मार्कला जाऊन कारखाने पाहिले आणि यंत्रसामग्री जर्मनीतून आणली. मधेच जून १९३२ मध्ये सयाममध्ये, म्हणजे तेव्हाच्या थायलंडमध्ये, राज्यक्रांती होऊन निरंकुश राजेशाही संपली, तरी काम थांबलं नाही. १९३३ साली बून रॉड ब्रुअरी नोंदली गेली आणि १९३४ साली पहिल्या बाटल्या विक्रीला आल्या. शेजारच्या वसाहतींत ब्रुअऱ्या गोऱ्या मालकांच्या होत्या. इथे मालक स्थानिक होता, आणि हुन्नर त्याने स्वतः जाऊन निवडून आणलं होतं.

ते हुन्नर जर्मन होतं, आणि सिंघाच्या चवीचं मर्म इथे आहे. घरातला मुलगा, प्रचुआब भिरोमभक्ती, म्युनिकला शिकून पहिला थाई ब्रूमास्टर झाला. जर्मन शाळेत बिअर म्हणजे सातूचं माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप्स, पाणी आणि यीस्ट. तांदूळ किंवा मका घालणं तिथे भेसळीच्या जवळचं मानलं जाई. सिंघा आजही पूर्ण माल्टची म्हणून विकली जाते आणि हॉप्समध्ये बोहेमियाच्या साझ जातीचं नाव कंपनी अभिमानाने घेते. पूर्ण माल्टच्या बिअरमध्ये प्रथिनं आणि न आंबणारी साखर जास्त उरते, त्यामुळे घोट भरदार लागतो. मग त्या गोडीला तोलायला हॉप्सही जास्त घालावे लागतात, नाहीतर बिअर मिळमिळीत होते. सुरुवातीला सांगितलेल्या बिस्किटाच्या वासाचं आणि मेथीच्या कडवटपणाचं असं एकमेकांशी देणंघेणं आहे. थायलंडमध्ये विकल्या जाणाऱ्या सिंघात बराच काळ ६ टक्के मद्यार्क होता, २००७ साली तो ५ वर आला. जुने जाणकार तेव्हापासून बिअर सडपातळ झाल्याचं म्हणतात, आणि ते बरोबर आहे. टक्का कमी करायचा तर सहसा माल्टच कमी केलं जातं.

नावाबद्दल मराठी वाचकाला एक गोष्ट सहज कळेल. सिंघा म्हणजे आपलाच सिंह. थाई लिपीत मूळ संस्कृत स्पेलिंग जपलं आहे, पण शेवटच्या अक्षरावर ते उच्चारू नये असं चिन्ह आहे. म्हणून बँकॉकमध्ये ‘बिया सिंग’ असंच म्हणतात. बाटलीवर दिसणारा गरुड, म्हणजे थाई राजचिन्ह, १९३९ साली राजाज्ञेने मिळाला. हत्तीच्या नावाची ‘चांग’ बिअर आणि एकेकाळी बँकॉकमध्ये असलेली ‘थाई अमरित’ ही ब्रुअरी, म्हणजे आपलं अमृत, याच पंगतीतली नावं.

आता तांदूळ. उष्ण सखल प्रदेशात सातू नीट येत नाही, आणि हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात चौदा-पंधरा तासांचा दिवस लागतो, तो विषुववृत्ताजवळ कधीच मिळत नाही. म्हणजे माल्ट आणि हॉप्स दोन्ही जहाजाने आणायचे, दमट बंदरात साठवायचे आणि हॉप्सचा कस उकाड्यात कमी होताना बघायचा. दारात मात्र तांदूळ. शिवाय तुकडा झालेला तांदूळ स्वस्त, आणि ब्रुअरीला अख्ख्या दाण्याची गरजच नसते. तांदळाने प्रथिनं आणि रंग पातळ होतात, बिअर जास्त काळ नितळ राहते आणि घोट हलका लागतो.

पण तांदूळ माल्टसारखा कोमट पाण्यात भिजवून भागत नाही. सातूचा स्टार्च साधारण ६० ते ६५ अंशांवर फुलतो, तांदळाचा मात्र ७० ते ८० च्या पुढे, आणि तोवर माल्टमधली विकरं (स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स) जवळपास मेलेली असतात. म्हणून भात वेगळा शिजवावा लागतो. भरड दळलेला तांदूळ, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं माल्ट आणि भरपूर पाणी बंद कुकरमध्ये घालून ७० अंशांवर थोडा वेळ थांबायचं, मग उकळी आणून वीस-तीस मिनिटं ठेवायचं. ते थोडं माल्ट घातलं नाही तर गुरगुट्या भाताचा गोळा होतो, ढवळणारं पातं अडकतं आणि तळाला खरपूड धरते. ती खरपूड पुढे बिअरमध्ये धुरकट चव देते. माल्ट घातलेलं असेल तर तीच पेज पाण्यासारखी वाहते. दुसऱ्या हौदात ४५ ते ५० अंशांवर उरलेलं माल्ट भिजत असतं. त्यात ही उकळती पेज सोडली की सगळ्याचं तापमान ६३-६५ वर येतं आणि दोन्ही धान्यांचा स्टार्च एकदम साखरेत उतरायला लागतो. प्रमाण चुकलं तर ताप ७२ वर जातो. मग न आंबणारी साखर जास्त उरते आणि तांदळाची बिअर असूनही चिकट गोड लागते.

तांदळाचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं की आणखी एक अडचण येते. यीस्टला वाढायला नत्रयुक्त अन्न लागतं, ते माल्टमधून मिळतं, तांदळातून जवळजवळ नाही. उपाशी यीस्ट रेंगाळतं, गंधकाचा वास सोडतं आणि डायअसिटाइल नावाचं द्रव्य मागे ठेवतं, ज्याला कढत लोण्याचा वास असतो. आंबवण संपत आली की बिअर दोन-तीन दिवस १४ ते १६ अंशांवर राहू दिली तर यीस्ट ते परत खाऊन टाकतं. बाजाराची घाई असलेल्या ब्रुअरीत हेच दिवस वाचवले जातात. हलक्या लागरमध्ये लोण्याचा वास लपायला जागा नसते, त्यामुळे ही चूक पहिल्याच हुंगण्यात पकडता येते.

बिअरलाओ या तांदळाच्या वाटेवरची सगळ्यात नेटकी बिअर आहे, असं आमचं मत. व्हिएन्तियानची ब्रुअरी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच भागीदारीत उभी राहिली आणि १९७५ च्या सत्तांतरानंतर सरकारी झाली. फ्रेंच गेल्यावर तिथले तंत्रज्ञ चेकोस्लोव्हाकियात शिकून आले. तांदूळ गावचा, माल्ट आणि हॉप्स युरोपातले, आणि हात बोहेमियन शिस्तीचा. म्हणून ती हलकी असली तरी पाणचट लागत नाही. सायगावातही त्याच वर्षी सत्तांतर झालं. ३३ सेंटिलिटरच्या बाटलीवरून नाव पडलेली ‘३३’ तिथे ‘३३३’ झाली.

थायलंडमध्ये चवीचा काटा १९९५ साली हलला. मद्याच्या धंद्यात आधीच देशभर जाळं असलेल्या उद्योगसमूहाने चांग आणली. तांदूळ घातलेली, सिंघापेक्षा गोड, कमी कडू, स्वस्त, आणि वर ६.४ टक्के मद्यार्क. कमी पैशांत जास्त चढणारी बिअर खेड्यापाड्यांत झपाट्याने पसरली आणि काही वर्षांतच तिने सिंघाला मागे टाकलं. बून रॉडने उत्तरादाखल लिओ ही स्वस्त, मऊ बिअर काढली. ती घरच्या सिंघापेक्षाही जास्त खपू लागली. २०१५ साली चांग हिरव्या बाटलीत आणि ५ टक्क्यांवर आली. आज बँकॉकच्या टेबलावर या तिघी शेजारी ठेवल्या तर कडवटपणा लिओ आणि चांगकडून सिंघाकडे चढत जातो. १९३४ ची ती जर्मन छाप आता महागड्या बाटलीपुरती उरली आहे.

परवान्यांनीही चवी एकसारख्या ठेवल्या. बाटलीबंद बिअर बनवायची तर वर्षाला किमान १ कोटी लिटर उत्पादन हवं, अशी अट थायलंडमध्ये नोव्हेंबर २०२२ पर्यंत होती. छोट्या माणसाला दारच बंद, मग वेगळी चव येणार कुठून? २००८ च्या मद्यनियंत्रण कायद्याच्या ३२ व्या कलमाने तर मद्याचं नाव किंवा चिन्ह दाखवून त्याचे गुण सांगण्यावर बंदी घातली. मूळ कायद्यात शिक्षा होती एक वर्षापर्यंत कैद, ५ लाख बाथपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘ही बिअर खरपूस लागते’ असं थाई भाषेत जाहीर लिहिणंही त्यामुळे जोखमीचं झालं. सिंघा आणि चांगची बहुतेक रसवर्णनं परदेशी लोकांनी, परदेशात मिळालेल्या बाटलीवरून लिहिलेली आहेत, त्याचं हे एक कारण. ती वाचताना बाटलीने केलेला प्रवास ध्यानात धरावा.

या प्रवासात बिअर दोन गोष्टींनी बिघडते. पहिला उजेड. हॉप्समधली कडू द्रव्यं आणि बिअरमधलं ब जीवनसत्त्व यांवर निळसर उजेड पडला की गंधकाचं एक द्रव्य तयार होतं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी शिळा लसूण आणि जळकं रबर यांच्या मधला वास येतो. तपकिरी काच हा उजेड बराचसा अडवते, हिरवी काच फारच थोडा. बिनतांग हिरव्या काचेत असते, म्हणून बालीच्या किनाऱ्यावर उन्हात ठेवलेला तिचा पेला आणि बाटली, दोन्ही काही मिनिटांत बिघडतात. त्याला बिनतांगची चव समजू नये. दुसरी गोष्ट उष्णता. दर दहा अंशांमागे शिळं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. उन्हात तापलेल्या कंटेनरमधून आलेल्या लागरला ओल्या पुठ्ठ्याचा आणि मग मधाचा वास येतो, कडवटपणा बोथट होतो. सिंघाचं सगळं वेगळेपण कडवटपणात असल्यामुळे तिचं नुकसान सर्वांत जास्त.

तिथले लोक मात्र ग्लासात सरळ बर्फ घालतात. युरोपी पुस्तकं याला नाकं मुरडतात, पण हिशेब करून पाहा. ३३० मिलिलिटर बिअरमध्ये १०० मिलिलिटर बर्फ वितळला की ५ टक्क्यांची बिअर ३.८ टक्क्यांवर येते. सोमताम या कच्च्या पपईच्या तिखट कोशिंबिरीबरोबर, तेहतीस अंशांत, तीन तास बसायचं असेल तर हे शहाणपणाचंच आहे. जुन्या ६ टक्क्यांच्या सिंघाला बर्फ शोभत असे, आताच्या हलक्या बिअरला तो जड जातो. याहून देखणा प्रकार ‘बिया वुन’, म्हणजे जेलीची बिअर. बर्फ, पाणी आणि मीठ भरलेल्या पिंपात बाटल्या आडव्या हलत्या ठेवतात. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली जातं. ५ टक्क्यांची बिअर उणे अडीच अंशांच्या आसपास गोठते, पण लगेच गोठत नाही, काही काळ त्याखालीही द्रवच राहू शकते. बाहेर काढून झाकण उघडलं आणि बुडाशी टिचकी मारली की गळ्यापासून खाली सरसर स्फटिक धरत जातात आणि ग्लासात गोळ्याच्या बर्फासारखी रवाळ बिअर पडते. पिंपात जास्त वेळ राहिली तर आतच गोठून बाटली फुटते. आणि इतक्या गारव्यात वास आणि चव जवळजवळ कळत नाही. मजा घ्यायची ती ओठांवरच्या रव्याची.

चव पारखायची असेल तर बाटली दिवसभर उभी ठेवून गार करा आणि तळाची किंवा मानेवरची बनवल्याची तारीख पाहा. सहा महिन्यांच्या आतली असली तर उत्तम. ग्लास साबणाचा अंश राहू न देता धुवा. काचेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर त्यावर तेलकटपणा आहे आणि फेस टिकणार नाही. ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून ओता, फेस दोन बोटं राहू द्या. पहिल्या पंधरा सेकंदांत हुंगा, कारण गंधकाचा आणि उकडलेल्या कणसाचा वास लवकर उडून जातो. कणसाचा वास फार असेल तर ब्रुअरीत उकळी कमी पडली किंवा गार करायला उशीर झाला असं समजावं. क्रम लिओ, बिअरलाओ, टायगर, शेवटी सिंघा असा ठेवा. आधी सिंघा घेतली तर तिच्यामागून बाकीच्या पाण्यासारख्या लागतात. मधे साधा पाव किंवा बिनमिठाचा भात खा. मसाला शेंगदाणे नकोत, कारण तिखटाने कडवटपणा झाकला जातो. शेवटचा चतुर्थांश पेला तळहातात धरून बारा अंशांपर्यंत कोमट होऊ द्या आणि पुन्हा चाखा. तांदळाची बिअर तेव्हा गोड आणि सपाट होते. सिंघात याच वेळी माल्ट आणि साझची औषधी वनस्पतींसारखी झाक एकत्र वर येते.